कोलिस्टिन : आयसीयूतले शेवटचे औषध किती दिवस पुरणार?

आयसीयूत दाखल असलेल्या रुग्णासाठी मदतीचे आवाहन आपल्या वस्त्यांमधल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून येतच असते. सोबत बिलाचा फोटो असतो. लोक ऐपतीप्रमाणे पैसे पाठवतात, दुआ करतात आणि आपल्या कामाला लागतात. त्या बिलावरची औषधांची नावे मात्र फारसे कोणी वाचत नाही. मेरोपेनेम, टायजेसायक्लिन, पॉलिमिक्सिन-बी, कोलिस्टिन अशी ती नावे असतात. रुग्ण मुळात ज्या आजारासाठी दाखल झाला, त्याच्याशी या औषधांचा अनेकदा थेट संबंध नसतो. अपघात, पक्षाघात, भाजणे किंवा एखादे मोठे ऑपरेशन अशा कारणाने माणूस हॉस्पिटलात जातो आणि तिथे त्याला असा जंतुसंसर्ग होतो की नेहमीची अँटिबायोटिक्स त्याच्यापुढे हात टेकतात.

हा प्रश्न किती मोठा झाला आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२५ मधल्या अहवालातून दिसते. २०२३ साली जगभरात प्रयोगशाळेत तपासून निश्चित झालेल्या जिवाणूसंसर्गांपैकी दर सहामागे एक संसर्ग नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हता. भारत ज्या आग्नेय आशिया विभागात मोडतो, तिथे हे प्रमाण तीनमागे एक आहे. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने या संकटाविरुद्धच्या राष्ट्रीय कृती आराखड्याचा २०२५ ते २०२९ या काळासाठीचा दुसरा टप्पा जाहीर केला. वर्तमानपत्रांत एक दिवस बातमी आली आणि विषय मागे पडला. आम्हाला वाटते, हा विषय मागे पडू देण्यासारखा नाही. म्हणून एकाच औषधाच्या निमित्ताने तो समजून घेऊ. ते औषध म्हणजे कोलिस्टिन.

अडगळीतून परत आलेले औषध

कोलिस्टिन नवे नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळाले आणि १९५० च्या दशकात रुग्णांना दिले जाऊ लागले. पण ते किडनीला आणि मज्जासंस्थेला त्रास देते, हे लवकरच लक्षात आले. १९७० नंतर त्याहून सुरक्षित औषधे हाती आली, तसे डॉक्टरांनी कोलिस्टिन बाजूला ठेवले. पुढची वीसेक वर्षे ते जवळजवळ अडगळीतच होते.

मग ते परत का आले? कारण जंतू बदलले. क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास आणि ई-कोलाय हे आयसीयूतले चार नामांकित शत्रू. त्यांच्यावर आधी पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे चालायची, मग सेफालोस्पोरिन आली, ती थकली तेव्हा कार्बापेनेम आली. मेरोपेनेम आणि इमिपेनेम ही याच कार्बापेनेम गटातली. हे जंतू कार्बापेनेमलाही जुमानेनासे झाले, तेव्हा डॉक्टरांना अडगळीत टाकलेले कोलिस्टिन आठवले. त्याचे दुष्परिणाम कमी झाले होते म्हणून ते परतले नाही. दुसरे काही उरले नव्हते म्हणून ते परतले.

त्याचे काम समजायला सोपे आहे. या जंतूंना बाहेरून एक जादा पापुद्रा असतो. कोलिस्टिनचा रेणू त्या पापुद्र्याला चिकटतो आणि साबणाने तेल फोडावे तसा तो फोडतो. आतला ऐवज बाहेर गळतो आणि जंतू मरतो. ज्या जंतूंना असा बाहेरचा पापुद्राच नाही, उदाहरणार्थ गळवे करणारा स्टॅफिलोकोकस, त्यांच्यावर कोलिस्टिनचा काही उपयोग नाही. पापुद्रा असूनही प्रोटियस आणि सेराशियासारखे काही जंतू मुळातच त्याला बधत नाहीत. म्हणजे ‘सगळ्यात भारी औषध’ ही समजूत चुकीची आहे. ठरावीक जंतूंसाठी ठरावीक वेळी वापरायचे हे औषध आहे.

ते नेमके कुठे वापरतात

जागतिक आरोग्य संघटना अँटिबायोटिक्सचे तीन गट करते : सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखीव. कोलिस्टिन तिसऱ्या, राखीव गटात आहे. दुसरा उपाय नसेल तेव्हाच त्याला हात लावावा, असा त्याचा अर्थ.

प्रत्यक्षात ते मुख्यतः चार ठिकाणी लागते. पहिले, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला होणारा न्यूमोनिया. दुसरे, रक्तात पसरलेला संसर्ग. तिसरे, लघवीच्या मार्गाचा हट्टी संसर्ग. चौथे, मेंदूच्या ऑपरेशननंतर मेंदूभोवतीच्या पाण्यात झालेला संसर्ग. शेवटच्या प्रकारात शिरेतून दिलेले औषध मेंदूपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, म्हणून ते थेट त्या पाण्यातही सोडावे लागते. फुप्फुसांतही शिरेतून दिलेले कोलिस्टिन कमीच पोहोचते. काही डॉक्टर त्याच्या जोडीला वाफेच्या यंत्रातून ते देतात. त्याचा किती फायदा होतो, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

लघवीच्या संसर्गात एक बारकावा आहे. कोलिस्टिनचे सख्खे भावंड म्हणावे असे पॉलिमिक्सिन-बी लघवीत फारसे उतरत नाही. कोलिस्टिन मात्र ज्या रूपात टोचतात, ते किडनीवाटे बाहेर पडते आणि लघवीत त्याचे प्रमाण चांगले राहते. म्हणून लघवीच्या संसर्गात कोलिस्टिन आणि रक्तातल्या संसर्गात पॉलिमिक्सिन-बी, अशी निवड बरेच डॉक्टर करतात.

डोसही साधा नाही. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशीनुसार गंभीर आजारी प्रौढाला सुरुवातीला सुमारे ९० लाख युनिटचा एक मोठा डोस द्यावा लागतो. तो दिला नाही, तर रक्तात औषधाची पातळी वाढायलाच बराच वेळ जातो आणि त्या वेळात जंतू फोफावतो. पुढचे डोस किडनी किती काम करते हे पाहून ठरतात. कुठे युनिटमध्ये, कुठे मिलिग्रॅममध्ये लिहिण्याच्या पद्धतीमुळे जगभर गोंधळ झालेले आहेत. हा हिशेब नातेवाइकांनी करायचा नाही. पण इतक्या नाजूक हिशेबाचे औषध अंदाजाने देण्याजोगे नाही, एवढे प्रत्येकाला कळायला हवे.

जोडीला मेरोपेनेम दिले की कोलिस्टिन जास्त चालेल, असेही पुष्कळ दिवस मानले जात होते. इस्रायल, ग्रीस आणि इटलीतल्या ४०६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. नुसते कोलिस्टिन आणि कोलिस्टिन अधिक मेरोपेनेम यांत म्हणावा असा फरक आढळला नाही. या रुग्णांपैकी बहुतेकांना अ‍ॅसिनेटोबॅक्टरचा संसर्ग होता. म्हणजे दोन महागडी औषधे दिली की दुप्पट गुण येतो, असा हिशेब नसतो.

किडनीने मोजायची किंमत

कोलिस्टिनची किंमत बिलापुरती नसते. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तर ढोबळमानाने तीनमागे एका रुग्णाच्या किडनीला त्याचा त्रास होतो. औषध बंद केल्यावर पुष्कळांची किडनी सावरते, पण काहींना डायलिसिसपर्यंत जावे लागते. वय जास्त असेल, मधुमेह असेल, आधीच किडनी कमजोर असेल किंवा किडनीवर ताण आणणारी इतर औषधे चालू असतील, तर धोका वाढतो. आपल्या घरांमध्ये मधुमेह आणि रक्तदाब किती आहे, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच अमेरिकेतील संसर्गतज्ज्ञांची संघटना आज म्हणते की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या क्लेबसिएला किंवा ई-कोलायसारख्या जंतूंसाठी नवी औषधे मिळत असतील, तर कोलिस्टिन टाळा. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात दुसरे काहीच चालत नसेल, तर तेवढ्यापुरते ते वापरा. हा सल्ला योग्यच आहे. पण आपल्याकडे ‘नवी औषधे मिळत असतील तर’ या शब्दांतच सगळी मेख आहे. त्याकडे पुढे येऊ.

रिपोर्टवरचा ‘आय’

कल्चर रिपोर्ट हातात आला की नातेवाईक एस आणि आर ही अक्षरे शोधतात. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही. कोलिस्टिनपुढे मात्र बहुतेक वेळा ‘आय’ असतो आणि घरचे घाबरतात. त्याचे कारण असे आहे. आपल्याकडच्या पुष्कळ प्रयोगशाळा ज्या अमेरिकी संस्थेचे नियम पाळतात, तिने २०२० मध्ये या जंतूंच्या बाबतीत कोलिस्टिनसाठी ‘एस’ हा शेराच काढून टाकला. जंतूवर ते चालते असे दिसले, तरी रुग्णाच्या शरीरात त्याची खात्री देता येत नाही, हे त्यामागचे कारण. म्हणून आता दोनच शेरे उरले : आय किंवा आर. ‘आय’ आला म्हणजे आशा संपली असे नाही. डॉक्टरांनी जपून विचार करायचा, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट तपासणीच्या पद्धतीची. बाकीची औषधे तपासताना कागदाच्या छोट्या चकत्या जंतूंच्या थरावर ठेवतात आणि भोवती किती जंतू मेले ते मोजतात. कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्याने तो त्या थरात नीट पसरत नाही. त्यामुळे चकतीची पद्धत त्याच्यासाठी भरवशाची नाही. द्रवात वेगवेगळ्या प्रमाणात औषध मिसळून करायची पद्धतच प्रमाण मानली जाते. तिला साधने लागतात आणि कसबी माणूस लागतो. छोट्या शहरांत या दोन्ही गोष्टींची वानवा असते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. व्हेंटिलेटरच्या नळीतून काढलेल्या बेडक्यात अ‍ॅसिनेटोबॅक्टर सापडला म्हणजे रुग्णाला संसर्ग झालाच, असे नसते. जंतू नुसता नळीत मुक्काम करून बसलेला असू शकतो. ताप, रक्तदाब, एक्स-रे, ऑक्सिजनची गरज हे सगळे पाहून डॉक्टर ठरवतात. फक्त कागद पाहून सुरू केलेले कोलिस्टिन रुग्णाला गुण देत नाही आणि किडनीला मात्र त्रास देऊ शकते.

आपल्याकडे गोष्ट इथवर कशी आली

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, २०१३ पासून देशातल्या मोठ्या हॉस्पिटलांकडून जंतूंची माहिती गोळा करते. तिच्या आकडेवारीत क्लेबसिएलावर इमिपेनेम चालण्याचे प्रमाण २०१७ मध्ये सुमारे ५८ टक्के होते. २०२३ मध्ये ते सुमारे ३६ टक्क्यांवर आले. अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या दहापैकी जवळपास नऊ नमुन्यांवर कार्बापेनेम चालत नाही. ही मुख्यतः मोठ्या हॉस्पिटलांतली आकडेवारी आहे, गल्लीतल्या प्रत्येक तापाला ती लागू होत नाही. पण वारे कुठल्या दिशेने वाहते आहे, ते तीतून स्पष्ट दिसते.

या जंतूंच्या हाती एक खास हत्यार आहे : एनडीएम नावाचे एन्झाइम. ते कार्बापेनेमचा रेणूच तोडून टाकते. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या जंतूत ते प्रथम ओळखले गेले आणि त्याच्या नावात नवी दिल्लीचे नाव आले. २०१० मध्ये त्यावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. देशाची बदनामी झाली, मेडिकल टुरिझमवर डाव आहे, असे आरोप झाले. नावावरचा राग समजण्यासारखा होता. पण वाद नावावर रंगला आणि जंतू आपले काम करत राहिला.

त्या काळात काही डॉक्टर मात्र कामाला लागले. चेन्नईचे संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. अब्दुल गफूर यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये देशातल्या वैद्यकीय संघटना चेन्नईत एकत्र आल्या आणि ‘चेन्नई जाहीरनामा’ तयार झाला. परदेशातले कडक नियम जसेच्या तसे उचलण्यापेक्षा आपल्या देशात जे पाळता येईल, त्यापासून सुरुवात करा, असा त्याचा सूर होता. पुढे १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू झाले. सेफिक्सिम, सेफ्ट्रायाक्सोन, मेरोपेनेम अशी अनेक अँटिबायोटिक्स त्यात आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. २०१६ मध्ये औषधाच्या पट्टीवरची लाल रेघ ओळखा, अशी मोहीमही झाली. नियम कागदावर आहेत. सेफिक्सिमची पट्टी चिठ्ठीशिवाय मिळते की नाही, हे मात्र प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यातले मेडिकल आठवून स्वतःच सांगावे.

खुराड्यातले कोलिस्टिन

कोलिस्टिनच्या कहाणीत कोंबडीलाही जागा आहे. माणसांसाठी राखून ठेवायचे हे औषध पुष्कळ देशांत जनावरांच्या खाद्यात घातले जात होते. आजार बरा करण्यापेक्षा कोंबड्या आणि डुकरे लवकर वजनदार व्हावीत, हा त्यामागचा मोठा हेतू असे. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनच्या संशोधकांनी धोक्याची घंटा वाजवली. कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे एमसीआर-१ नावाचे जनुक त्यांना डुकरांमधल्या, कच्च्या मांसातल्या आणि थोड्या प्रमाणात रुग्णांमधल्याही जंतूंत सापडले. काळजीची गोष्ट अशी की हे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे उडी मारू शकते.

चीनने २०१७ मध्ये वजन वाढवण्यासाठी कोलिस्टिन खाऊ घालणे बंद केले. त्यानंतर काय झाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. डुकरांमधल्या ई-कोलायमध्ये कोलिस्टिनला न जुमानणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होते. ते २०१७-१८ मध्ये सुमारे ५ टक्क्यांवर आले. कोंबड्यांमध्ये ते १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. वापर थांबवला की नुकसान मागे फिरवता येते, हे यातून दिसले.

भारतात जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटनची ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम ही संस्था आणि ‘द हिंदू’ यांनी आपल्या पोल्ट्री उद्योगात कोलिस्टिन कसे येते, हे उजेडात आणले. डॉ. गफूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या खाद्यपदार्थांच्या नमुन्यांतही कोलिस्टिनला न जुमानणारे जंतू असल्याचे दाखवले. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळले जाणारे प्राणी, पोल्ट्री, मत्स्यशेती आणि पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वाटप यांवर बंदी घातली. हा निर्णय मोलाचा होता.

आपल्यापैकी अनेकांची रोजीरोटी चिकनच्या दुकानावर किंवा पोल्ट्रीवर आहे, आणि ताटात चिकन तर जवळपास सगळ्यांच्या असते. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एक, चिकन खाणे सोडा, असे कोणी म्हणत नाही. नीट शिजलेल्या मांसात हे जंतू जिवंत राहत नाहीत. जपायचे ते कच्च्या मांसाच्या वेळी : सुरी, पाट आणि हात साबणाने धुवायचे, त्याच पाटावर लगेच कांदा-कोथिंबीर चिरायची नाही. दोन, सगळा दोष कोंबडीवर ढकलूनही चालणार नाही. आपल्या हॉस्पिटलांतले क्लेबसिएला कोलिस्टिनला न जुमानायला लागले, ते मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या जनुकांतल्या बदलांमुळे. उडी मारणारे एमसीआर-१ तिथे क्वचितच सापडते. आयसीयूत कोलिस्टिन जितके वाढेल, तितके असे जंतू टिकून राहतात आणि अस्वच्छ हातांवरून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात.

कुठे अती, कुठे मुळीच नाही

या प्रश्नाची एक बाजू फार कमी बोलली जाते. औषधांचा अतिवापर होतो हे खरे, पण ज्याला खरोखर गरज आहे त्याला ते मिळत नाही, हेही तितकेच खरे. एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतासह आठ देशांचा २०१९ चा हिशेब मांडला. कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जंतूंचे सुमारे १५ लाख संसर्ग आणि योग्य औषध मिळण्याची शक्यता फक्त ६.९ टक्क्यांना. भारतात हे प्रमाण ७.८ टक्के. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांपर्यंत योग्य अँटिबायोटिक पोहोचतच नाही. मोठे हॉस्पिटल दूर, कल्चरची सोय नाही, आयसीयूत खाट नाही, औषध परवडत नाही, अशी ही गळती असते. गरीब वस्तीतल्या माणसाला साध्या सर्दीला नको ते अँटिबायोटिक सहज मिळते आणि जीव जात असताना हवे ते मिळत नाही. आमच्या मते या संकटाचा खरा अन्याय इथे आहे.

नव्या औषधांचे काय? सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टाम हे कोलिस्टिनपेक्षा सुरक्षित आहे, पण ते एनडीएमपुढे एकटे चालत नाही आणि आपल्याकडे एनडीएमच जास्त. त्याच्या जोडीला अ‍ॅझट्रिओनॅम दिले, तर ती जोडी काम करते. खर्च मात्र दोन औषधांचा होतो. आपल्या देशातही संशोधन चालू आहे. चेन्नईच्या ऑर्किड फार्माच्या संशोधनातून निघालेल्या एन्मेटाझोबॅक्टामला सेफेपाइमच्या जोडीने २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. त्याने कार्बापेनेमवरचा भार काही प्रमाणात हलका होऊ शकतो. मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीचे सेफेपाइम-झिडेबॅक्टाम एनडीएमवाल्या जंतूंसाठीही आशादायक मानले जाते. या बातम्या आनंदाच्या आहेत. पण कार्बापेनेमही एके काळी अशीच आनंदाची बातमी होती. वापरण्याची रीत बदलली नाही, तर नवे औषधही जुन्याच वाटेने जाईल.

आपल्या हातात काय आहे

सरकारने नियम राबवावेत, हॉस्पिटलांनी शिस्त पाळावी, ही मागणी आपण करायलाच हवी. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही.

सुरुवात घरातून करू. सर्दी, पडसे आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, तिथे अझिथ्रोमायसिन किंवा सेफिक्सिमचा उपयोग नाही. लहान मुलांच्या जुलाबावर तर आपल्याकडे कोलिस्टिनचेच सिरप दिले जात आले आहे. आयसीयूत राखून ठेवायचे औषध पातळ शौचावर! मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि त्यांना ओआरएस व १४ दिवस झिंक लागते. शौचात रक्त असेल, मूल सुस्त पडले असेल किंवा पाणीही पीत नसेल, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेणे, एकाची चिठ्ठी दुसऱ्याला वापरणे आणि ‘डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या’ म्हणून आग्रह धरणे, या तिन्ही सवयी सोडाव्यात. मुलांच्या लसी वेळेवर घ्याव्यात. न्यूमोकोकलची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. न्यूमोनियाच टळला, तर अँटिबायोटिकची गरजही टळते.

दुसरे, आजाऱ्याची विचारपूस करायला जाण्याची आपली रीत चांगली आहे. पण आयसीयूत ती जपून पाळावी. घोळक्याने जाऊ नये. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवावेत. रुग्णाच्या खाटेवर बसू नये, नळ्यांना हात लावू नये. एका रुग्णाला भेटून त्याच हातांनी शेजारच्या रुग्णाची चौकशी करू नये. दारातून सलाम करून परतणारा पाहुणा रुग्णावर अधिक प्रेम करतो, असे समजावे.

तिसरे, घरच्या माणसाला कोलिस्टिन सुरू होते आहे असे कळले, तर डॉक्टरांना अदबीने पाच प्रश्न विचारावेत. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चर पाठवले होते का? हा खरा संसर्ग आहे की जंतू नुसता नळीत बसला आहे? याहून सुरक्षित औषध चालणार नाही का? किडनीची तपासणी किती दिवसांनी होणार? आणि औषध कधी थांबवायचे? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. सुरू केलेले औषध घाबरून किंवा पैशांसाठी मध्येच बंद मात्र करू नये, तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

चौथी गोष्ट आपल्या संस्था आणि ट्रस्टसाठी. अनेक ट्रस्ट दवाखाने चालवतात, अनेक कमिट्या आयसीयूच्या बिलांना मदत करतात. या मदतीतला थोडा भाग आधीच्या पायरीवर खर्च व्हायला हवा. तापाच्या रुग्णाची वेळेवर कल्चर तपासणी, दवाखान्यात हात धुण्याची सोय, कोणत्या आजारात कोणते अँटिबायोटिक द्यायचे याची लेखी पद्धत, या गोष्टी आयसीयूच्या एका दिवसाच्या तुलनेत स्वस्त पडतात. ज्या हॉस्पिटलला आपण मदत करतो, त्याला तिथल्या संसर्ग नियंत्रणाबद्दल विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

कोलिस्टिन परिपूर्ण औषध नाही. ते किडनीला जड आहे आणि आज त्याहून चांगले पर्याय येत आहेत. पण आज रात्री एखाद्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात, जिथे नवे औषध पोहोचलेले नाही, तिथे एखाद्या रुग्णासाठी तेच एक उरलेले असेल. तो रुग्ण कोण, हे आपल्याला माहीत नाही. औषधांची ताकद ही आपल्याकडे ठेवलेली त्याची अमानत आहे. साध्या सर्दीला घेतलेल्या प्रत्येक अनावश्यक गोळीने आपण त्या अमानतीतून थोडे खर्च करत असतो. पुढच्या वेळी मेडिकलच्या काउंटरवर उभे राहून ‘पाच दिवसांचा कोर्स द्या’ म्हणण्याआधी एवढे आठवले, तरी पुष्कळ झाले.